तीनशे बेचाळीस व्हिडिओ

हडको वसाहतीतल्या त्या गल्लीत कुणाचा प्रिंटर कागद खाऊ लागला किंवा कुणाचं वायफाय रुसलं, की पहिली हाक राजेंद्र औताडेला जायची. शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळता सांभाळता तो कॉम्प्युटर शिकला होता, तोही कुठल्या क्लासला न जाता. ‘औताडेंना विचारा’ हे गल्लीत इतक्या वेळा बोललं गेलं होतं, की पन्नाशीला टेकलेल्या राजेंद्रचाही त्यावर पक्का विश्वास बसला होता. म्हणून त्याच्याच घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांना ओळख दाखवेनात, तेव्हा ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

खालच्या खोलीत मोठ्या डिस्कचा जुना कॉम्प्युटर होता आणि वरच्या खोलीत त्याच्या बायकोचा, सुरेखाचा, लॅपटॉप. सुरेखा बिडकीनजवळ कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. शाळेतल्या हातखुणांच्या तक्त्यावर विमानाची खूण होती, समुद्राची होती; पण कपाशीच्या वेचणीची नव्हती, ठिबकच्या नळीची नव्हती, गाभण म्हशीची तर नव्हतीच. मुलं सुट्टीत घरी गेली की आईबापांशी काय बोलणार? म्हणून चार वर्षांपासून सुरेखा एकेक शब्द धरून त्याची खूण ठरवत होती आणि मोबाइलवर तिचा व्हिडिओ घेत होती. कधी मुलं खूण करून दाखवायची, कधी त्यांच्या आया. असे तीनशे बेचाळीस व्हिडिओ झाले होते. दर शनिवारी पालक शाळेत यायचे, व्हिडिओ बघून हात हलवायला शिकायचे, आणि घरी जाऊन पहिल्यांदाच पोराला ‘भूक लागली का?’ असं विचारायचे.

लॅपटॉप भरत आला की सुरेखा जुने व्हिडिओ घरातल्या नेटवर्कवरून खालच्या कॉम्प्युटरवर टाकायची आणि लागतील तसे परत वर आणायची. नवीन राउटर बसवला आणि ते बंद पडलं. वरून खालचा कॉम्प्युटर दिसेना. राजेंद्रनं दोन रविवार त्यात घातले. राउटरचं सेटिंग पुसून पहिल्यापासून लावलं, फायरवॉल बंद केली, चालू केली, कॉम्प्युटरची नावं बदलली. लॅपटॉपचं एकच, सापडत नाही. त्या भानगडीत चार वर्षांचं सगळं काम लॅपटॉपवर गोळा झालं होतं आणि त्याची जागा लाल पट्टीवर आली होती.

“अहो, मी कुणाला तरी बोलावते,” सुरेखा म्हणाली.

“कशाला? होतंय. आलंय जवळ.”

“दोन आठवडे झाले, जवळच येतंय.”

सोमवारी तिनं परस्पर शहजादी शेखला फोन केला. टी. व्ही. सेंटरजवळ शहजादीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पस्तिशीची, बारीक चणीची बाई. पाठीवर सॅक, स्कूटीवर यायची. राजेंद्र ड्यूटीवरून आला तेव्हा ती वरच्या खोलीत लॅपटॉपपुढं बसलेली होती. वीस मिनिटांत तिनं खालचं फोल्डर वर उघडून दाखवलं.

“काही नव्हतं, ताई. नवा राउटर आला तर लॅपटॉपला वाटलं, आपण कुठल्या तरी हॉटेलच्या वायफायवर बसलोय. म्हणून तो कुणाला ओळख देत नव्हता. त्याला सांगितलं, बाबा, हे आपलं घर आहे. बस्स.”

“एवढंच?” राजेंद्रच्या तोंडून निघून गेलं.

“एवढंच होतं, सर. पण ते सेटिंग लई आत लपलेलं असतंय,” शहजादी हसून म्हणाली. ती त्याला सांभाळून घेत होती, आणि तेच त्याला जास्त झोंबलं.

सुरेखाला घाई होती. लॅपटॉप मोकळा केल्याशिवाय नवीन शूटिंग करता येणार नव्हतं. शहजादीनं विचारलं, “ताई, ह्याची दुसरी कॉपी कुठं आहे?” कुठंच नव्हती; मोबाइलवरचे तर ती लॅपटॉपवर घेतले की पुसायची. शहजादी जरा घुटमळली. मग म्हणाली, “ठीक आहे. सगळं खाली हलवते. पण पुढच्या सोमवारी मी बाहेरची डिस्क घेऊन येते, त्याच्यावर कॉपी करू. तोपर्यंत कशाला हात लावायचा नाही. आणि हे बघा, वर लॅपटॉपवर हे फोल्डर दिसतंय ना, ते इथं नाही. ही नुसती खिडकी आहे. सामान खालीच आहे.”

सुरेखानं मान डोलावली. राजेंद्र दारात उभा राहून मोबाइल बघत होता. हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, अशा चेहऱ्यानं.

गुरुवारी त्यानं घरच्या कामांसाठी रजा घेतली होती. सुरेखा सकाळीच बिडकीनच्या गाडीला गेली. राजेंद्रनं कुठलंसं बिल छापायला तिचा लॅपटॉप उघडला, तर समोरच ‘शाळा’ नावाचं ते फोल्डर. आत तीनशे बेचाळीस व्हिडिओ. तो खाली गेला, खालचा कॉम्प्युटर उघडला. तिथंही तीनशे बेचाळीस. त्याच्या ओठांवर हसू आलं. म्हणजे मॅडमनी व्हिडिओ नुसते कॉपी केले होते, वरून काढलेच नव्हते. मोठी आली खिडकी आणि सामान सांगणारी! संध्याकाळी सुरेखाला दाखवायचं, ‘बघ, तुझ्या शहजादीबाईंचं अर्धवट काम मी पुरं केलं.’

तो परत वर गेला. सगळे व्हिडिओ निवडले आणि डिलीट दाबलं. लॅपटॉपनं विचारलं, हे कायमचे जातील, नक्की का? त्यानं ‘हो’ केलं. हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटपर्यंत गेली. मग सहज म्हणून तो खाली आला आणि फोल्डर उघडलं.

फोल्डर रिकामं होतं.

त्यानं ते बंद करून पुन्हा उघडलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. रिसायकल बिनमध्ये पाहिलं, वर जाऊन लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये पाहिलं. कुठंच काही नव्हतं. नेटवर्कवरून पुसलेलं कचऱ्याच्या टोपलीत पडत नाही, थेट जातं, हे त्याला कधीतरी कळलं होतं; आता ते पायाखालची फरशी निघाल्यासारखं आठवलं. शहजादीचे शब्द कानात वाजले. तो जिन्यात बसला. 

तेव्हाच त्यानं फोन करायला हवा होता, सुरेखाला नाहीतर शहजादीला. शहजादीचा नंबर फ्रीजवरच लावलेला होता. तो फ्रीजपर्यंत गेलाही. पण ‘सर, मी सांगितलं होतं ना’ हे तिचं वाक्य त्याला आधीच ऐकू आलं आणि तो माघारी फिरला. त्यानं नेटवरून पुसलेल्या फायली परत आणणारं एक सॉफ्टवेअर उतरवलं, खालच्या कॉम्प्युटरवरच. त्या सॉफ्टवेअरनं शेपन्नास फायली शोधून काढल्या, त्याही नावं गेलेल्या. राजेंद्रनं त्या तिथंच, त्याच डिस्कवर वाचवून ठेवल्या. उघडल्या तर कशात नुसता करडा पडदा, कशात अर्धा हात हलून तसाच थिजलेला. दुपारपर्यंत खटपट करून तो थकला. मग त्यानं त्या फुटक्या फायली पुसल्या, सॉफ्टवेअर काढून टाकलं, आणि माग राहू नये म्हणून खुर्चीसुद्धा होती तशी टेबलाखाली सरकवली.

संध्याकाळी सुरेखा आली. चेहऱ्यावर धूळ, डोळ्यांत आनंद. “आज सोयाबीनची खूण ठरली,” ती पाणी पिता पिता म्हणाली. “पोरांनीच ठरवली. शेंग अशी फोडून.” तिनं दोन बोटांनी शेंग फोडून दाखवली.

आता सांगू, असं राजेंद्रच्या मनात आलं. “वा,” तो म्हणाला. चहा पिऊ दे तिला, मग सांगू. चहा झाला. जेवू दे, मग सांगू. जेवणं झाली. शुक्रवार गेला. शनिवारी पालकांना नव्या सोयाबीनचीच खूण शिकवायची होती, म्हणून सुरेखानं फोल्डर उघडलं नाही; तोही दिवस गेला. न सांगितलेली गोष्ट रोज जड होत गेली. गुरुवारी ती नुसती चूक होती, शनिवारी ती चोरी झाली होती. आणि ह्या तीन दिवसांत खालचा कॉम्प्युटर चालूच होता. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच डिस्कवर पडत होतं. ती सोयही राजेंद्रनंच मोठ्या हौसेनं केली होती.

रविवारी सकाळी वरून सुरेखाची हाक आली. हाक कसली, किंचाळीच. “अहो! फोल्डर रिकामं दिसतंय!”

राजेंद्र धावत वर गेला. धावताना आपण खोटं धावतोय हे त्याला कळत होतं. त्यानं लॅपटॉपवर वाकून बघितलं, खाली येऊन बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या. सुरेखानं शहजादीला फोन लावला. शहजादी गंगापूरला बहिणीकडं होती. ती पहिलं वाक्य बोलली, “कॉम्प्युटर बंद करा, ताई. आत्ता. मी उद्या सकाळी येते.”

सोमवारी ती आली ती थेट खालच्या खोलीत. सॅक खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं, “कुणी काही डिलीट केलं का? चुकून? सांगा म्हणजे मला कळंल कुठं शोधायचं.”

“मी तर रोज शाळेतच होते,” सुरेखा म्हणाली आणि राजेंद्रकडं पाहिलं. आरोप म्हणून नाही, सहजच.

“मी हातसुद्धा लावला नाही,” राजेंद्र म्हणाला. आवाज कसा निघाला त्याचं त्यालाच नवल वाटलं. अगदी साधा, रोजचा. “तुम्ही ते हलवलं, तेव्हाच काहीतरी झालं असंल.”

शहजादी हळूच म्हणाली, “असंल. दुसरी कॉपी नसताना मी हलवायलाच नको होतं. ती माझी चूक आहे, ताई. मी ही डिस्क दुकानात घेऊन जाते. जेवढं निघंल तेवढं काढते.”

सुरेखा डोळे पुसत होती. “त्यात काकासाहेबांचे सहा आहेत हो,” ती म्हणाली.

काकासाहेब म्हणजे तिच्या वर्गातल्या सायलीचे आजोबा. सायली नऊ वर्षांची. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. शाळेत यायच्या आधी तिच्याशी घरात बोलणारा एकच माणूस होता, म्हातारा काकासाहेब. त्यानं नातीसाठी स्वतःच्याच खुणा काढल्या होत्या. एस. टी. म्हणजे कंडक्टरची घंटीची दोरी ओढायची. पाऊस येणार म्हणजे टकलावरून हात फिरवायचा. कापूस म्हणजे स्वतःच्या दाढीची चिमूट. सुरेखानं मागच्या वर्षी त्याला शाळेच्या ओट्यावर बसवून त्या खुणांचे सहा व्हिडिओ घेतले होते. पोळ्याच्या आधी म्हातारा गेला. घरात त्याचा हलता बोलता असा दुसरा कुठलाच व्हिडिओ नव्हता.

राजेंद्रला हे ठाऊक होतं. सुरेखानं तेव्हा जेवताना सांगितलं होतं, आणि तो ‘हं’ म्हणाला होता. आता तो खिडकीजवळ उभा राहून बाहेर बघत राहिला.

मंगळवारी शाळेच्या संस्थेचे सचिव साहेबराव यांचा सुरेखाला फोन आला. शाळेतले सहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडून सगळ्या वर्गांत व्हिडिओ दिसावेत, असं काम निघालं होतं, आणि सुरेखानंच त्यांना शहजादीचं नाव सुचवलं होतं. राजेंद्र समोर चहा पीत बसला होता. फोनवरचं त्याला सगळं ऐकू येत नव्हतं. सुरेखाचं येत होतं.

“हो सर… तिनं सेटिंग केल्यावरच गेलं… नाही, मुद्दाम कशाला करंल… पण हो, तिच्याच हातून… तुम्ही म्हणताय ते खरंय. दुसरं कुणी बघा मग.”

फोन ठेवून ती म्हणाली, “वाईट वाटलं हो बोलताना. पण खोटं कसं सांगू?”

राजेंद्रनं कप खाली ठेवला. तो न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला. आरशात बघायचं त्यानं टाळलं. बाहेर येऊन सांगायला दहा पावलं होती. तो बाहेर आला आणि म्हणाला, “मी जरा दळण घेऊन येतो.”

रविवारी शहजादीचा फोन आला, की काम झालंय, डिस्क घेऊन जा. सुरेखाला ताप होता. “तुम्हीच जा,” ती म्हणाली.

दुकान म्हणजे दोन माणसं बसतील एवढा गाळा. मागच्या फळीवर उघडे पडलेले लॅपटॉप, टेबलावर पिवळ्या दिव्याखाली राजेंद्रची डिस्क. शहजादीनं त्याला स्टूल दिलं, पाण्याची बाटली पुढं केली.

“एकशे एकोणीस आले,” ती म्हणाली. “काकासाहेबांचा एक आला. पाच नाही आले.”

“बरं. फार कष्ट घेतले तुम्ही.”

“सहा दिवस दुसरं काम घेतलं नाही, सर. मला वाटत होतं माझाच हात लागला.” ती थांबली. मग तिनं आपला मॉनिटर त्याच्याकडं वळवला. “एक विचारू? रागावू नका. फायली गेल्याचं घरात रविवारी कळलं. बरोबर?”

“हो.”

“मग फायली परत आणायचं सॉफ्टवेअर ह्या डिस्कवर गुरुवारी सकाळी पावणेअकराला कसं काय उतरलं? काढून टाकलं तरी त्याची नोंद राहते, सर.”

बाहेर रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी भाड्यावरून भांडत होता. राजेंद्र त्या भांडणाचा शब्द न् शब्द ऐकत राहिला.

“वरून डिलीट केलं ना? दोन्हीकडं दिसतंय म्हणून?” तिनं विचारलं. आवाजात चीड नव्हती. “लई लोकांचं होतं असं. माझ्या सख्ख्या भावाचं झालंय. त्यात काही नाही, सर. पण गुरुवारीच फोन केला असता, कॉम्प्युटर बंद केला असता, तर जवळजवळ सगळे आले असते. तुम्ही जे परत आणलं ते त्याच डिस्कवर ठेवलं, ते जुन्याच्या बोडक्यावर बसलं. वरून तीन दिवस कॅमेरा लिहीत राहिला.”

“म्हणजे… मी सांगितलं असतं तर…”

“तर काकासाहेब आले असते.”

राजेंद्रनं मान खाली घातली. आपल्या चपलांच्या अंगठ्याला लागलेली माती त्याला दिसत होती. पन्नास वर्षांच्या आयुष्यात इतकं लहान त्याला कधी वाटलं नव्हतं. कारखान्यात साहेबानं सगळ्यांदेखत झापलं होतं, तेव्हासुद्धा नाही. त्या दिवशी राग तरी होता. आज रागवायला समोर कुणी नव्हतं.

“तुम्ही सुरेखाला…” तो कसाबसा म्हणाला.

“नाही सांगितलं. मला बुधवारीच दिसलं होतं हे. शाळेचं काम गेल्याचंही कळलं. तेव्हा वाटलं, उचलावा फोन.” शहजादीनं डिस्क कापडी पिशवीत घालून त्याच्यापुढं सरकवली. “पण मी सांगितलं तर वाटंल, आपली कातडी वाचवायला बोलते. आणि ताईंचं घर आहे ते. तुम्ही सांगा. कधी ते तुम्ही ठरवा, पण सांगा.”

तो उठला. माफी मागायची होती, पण तोंडातून “येतो” एवढंच निघालं. ती माफी मागायला तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला; त्या दिवशी मात्र पिशवी उचलून तो थेट घराकडं निघाला.

घरी सुरेखा अंगावर चादर घेऊन पलंगावर बसली होती. मांडीवर शब्दांची वही. “किती आले?” तिनं विचारलं.

“एकशे एकोणीस.” तो उभाच राहिला. “सुरेखा, शहजादीबाईची काही चूक नाही. गुरुवारी मी वरून डिलीट केले. मला वाटलं वर कॉपी आहे. मग ते खालचेही गेले. मग मी घाबरलो.”

सुरेखानं वही मिटली. तिनं ओरडावं, वही फेकून मारावी, असं राजेंद्रला वाटत होतं. त्यातलं तिनं काहीच केलं नाही.

“गुरुवारी,” ती म्हणाली.

“हो.”

“म्हणजे मी सोयाबीनची खूण सांगत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आणि मंगळवारी मी साहेबरावांना त्या बिचारीबद्दल बोलले. तुम्ही समोर बसला होतात. चहा पीत होतात.” तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “माझ्या तोंडून तिचं काम घालवलंत तुम्ही. माझ्या तोंडून!”

“मी साहेबरावांना फोन करतो. आत्ता करतो.”

“फोन नाही. शनिवारी पालक येतात, साहेबरावही असतात. तिथं यायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं. पोरांसमोर. त्यांचे हात होते त्या व्हिडिओत.” ती आडवी झाली आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं. “आता जा इथून.”

तो आठवडा दोघं एका घरात असून नसल्यासारखे वागले. ताट वाढलेलं असायचं, वाढणारी उठून गेलेली असायची.

शनिवारी शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये तीसेक पालक सतरंजीवर बसले होते. बाया जास्त, चार-दोन पुरुष. पुढं मुलं. साहेबराव खुर्चीत. सुरेखा एका बाजूला उभी राहिली, म्हणजे राजेंद्र बोलेल ते तिला मुलांना हातांनी सांगता येईल. राजेंद्रनं घसा साफ केला. वाटेत त्यानं वाक्यं जुळवून ठेवली होती.

“नमस्कार. मी राजेंद्र औताडे, सुरेखामॅडमचा नवरा. आपल्या व्हिडिओंच्या बाबतीत आमच्या घरी एक चूक झाली. नेटवर्कमधल्या गडबडीमुळं ते व्हिडिओ डिलीट झाले…”

सुरेखाचे हात हलता हलता थांबले. हॉलमधल्या सगळ्या मुलांचे डोळे त्या थांबलेल्या हातांवर.

“झाले, की केले?” तिनं त्याला विचारलं. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मला कुणाकडं तरी बोट दाखवावं लागतं. कुणाकडं दाखवू?”

जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली.

“माझ्याकडं,” तो म्हणाला. “मी केले.”

सुरेखानं त्याच्याकडं बोट केलं आणि मग हवेत काहीतरी पुसल्यासारखा हात फिरवला. मुलांच्या माना एकदम त्याच्याकडं वळल्या.

“मग मी ते लपवलं. मी खोटं बोललो. दुरुस्तीला आलेल्या बाईंवर त्याचा आळ आला, तो मी येऊ दिला.”

“बाईंचं नाव?” सुरेखा.

“शहजादी शेख. टी. व्ही. सेंटरला दुकान आहे त्यांचं. त्यांची काही चूक नव्हती. मी वेळेवर बोललो असतो तर त्यांनी सगळे व्हिडिओ परत काढून दिले असते. मी बोललो नाही, म्हणून गेले.”

सुरेखाचे हात चालत राहिले. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. वर्गात धडा सांगावा तसं ती सांगत होती. ते संपलं. साहेबराव चष्मा पुसत बसले.

मधल्या रांगेतून एक बाई उठली. कडूबाई, सायलीची आई. रानातून आली होती. पदराला कपाशीची पाती लागलेली.

“साहेब, आमच्या मामंजीचं काय राह्यलं का त्याच्यात?” तिनं विचारलं.

“एक राहिलाय,” राजेंद्र म्हणाला. “एस. टी.चा. पण… त्यातला पुढचा भाग खराब झालाय. नुसते हात दिसतात. तोंड दिसत नाही.”

“हात हायत, व्हय. पोरीला हातच पायजेत,” ती म्हणाली. मग खाली बसता बसता बोलली, “पर तोंड दिसलं असतं तं लई बरं झालं असतं.”

त्यापेक्षा तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर राजेंद्रला सोपं गेलं असतं. सायलीनं आईकडं आणि मग त्याच्याकडं बघत झटक्यात हातानं एक खूण केली.

“ती विचारतेय, का?” सुरेखा म्हणाली. “का लपवलं?”

“लाज वाटली म्हणून.”

सुरेखानं ते सायलीला सांगितलं. सायलीनं थोडा विचार केला, खांदे उडवले, आणि शेजारच्या पोरीच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली. तिच्यापुरता विषय संपला होता. मोठ्यांपुरता संपला नव्हता. दोन-तीन पालक जाताना त्याच्याकडं न बघता गेले. साहेबरावांनी मात्र तिथंच उभं राहून शहजादीला फोन लावला. पहिल्यांदा तिनं उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “वायर कुठपर्यंत ओढायची आहे? बघायला कधी येऊ?”

परतीच्या वाटेवर राजेंद्र गाडी चालवत होता. चितेगाव गेल्यावर सुरेखा समोर बघत म्हणाली, “तुम्ही सांगितलंत, ते बरं केलंत. पण मी अजून विसरलेले नाही.”

“हो,” तो म्हणाला.

“दोनशे तेवीस परत घ्यायचेत. शनिवारी सुट्टी टाकता येईल?”

“टाकतो.”

तेव्हापासून दर शनिवारी राजेंद्र शाळेत मोबाइलचा स्टँड धरून बसू लागला. पहिले दोन शनिवार पोरांच्या आया त्याच्याशी गरजेपुरतंच बोलल्या. तिसऱ्या शनिवारी काकासाहेबांच्या खुणांची पाळी आली. त्या करणारं आता जगात एकच माणूस होतं. सायली त्याच ओट्यावर येऊन बसली, वेणी मागं टाकली आणि सुरेखानं इशारा करताच एकेक करून दाखवू लागली. कापसासाठी तिनं हनुवटीखाली नसलेल्या दाढीची चिमूट घेतली. पाऊस येणार म्हणून तिनं भरगच्च केसांवरून म्हाताऱ्याच्या ढंगानं हात फिरवला, अगदी सावकाश, मागून पुढं. भिंतीला टेकून उभी असलेली कडूबाई तोंडाला पदर लावून हसू लागली आणि हसता हसताच तिचे डोळे वाहू लागले.

राजेंद्रला पडद्यावरचं दिसेनासं झालं. त्यानं बाहीनं डोळे पुसले, तेवढ्यात स्टँड जरासा हलला.

“हात कापला गेला कडेला,” सुरेखा त्याच्या खांद्यावरून बघत म्हणाली. “परत घ्या.”

त्यानं स्टँड सरळ केला आणि परत घेतला.